घरगाडीतलं सिंक

बसच्या शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसलेला माणूस दिसला, की डेपोतला ड्रायव्हर सावरून बसायचा. तो माणूस झोपलेला नसायचा. हात मांडीवर, पाठ ताठ, मान जराशी डावीकडे कललेली. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी आधी डेपोमागच्या फुटक्या रस्त्यावर न्यायची, हा त्याचाच दंडक. गाडी खड्ड्यांतून धडपडत जायची आणि हा मिटलेल्या मुठीतून एकेक बोट उघडत जायचा. रस्ता संपला की तेवढेच दोष सांगायचा.

"डावीकडची तिसरी खिडकी, खालचा स्क्रू. छताची मधली पट्टी. आणि तुझ्या सीटखाली कुणीतरी पाना विसरलाय."

पाना खरंच सापडायचा.

पत्रा ठोकणारे, रबर बसवणारे डेपोच्या कारखान्यात पुष्कळ होते. आवाज शोधणारा एकटा हाच. म्हणून सगळे त्याला खडखडकाका म्हणायचे. म्हणणाऱ्यांनी ते थट्टेनं सुरू केलं होतं, पण काकांना ती पदवी वाटायची, आणि अडतीस वर्षं त्यांनी ती ताठ मानेनं मिरवली. "गाडी चालावी, बोलू नये," एवढंच त्यांचं शास्त्र होतं. निवृत्त झाले त्या दिवशी एका ड्रायव्हरनं त्यांना गाडीनं घरी सोडलं. दारात उतरताना काका म्हणाले, "मागच्या दाराची बिजागरी बघून घे रे." ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "काका, आता तरी कानांना सुट्टी द्या."

कान तसे सुट्टीवर जाणारे नव्हते. घरात तर खडखडीचं माहेरच होतं, आणि ते होतं काकूंच्या स्वयंपाकघरात.

काकूंचं स्वयंपाकघर चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. खिडकीखाली ओटा, ओट्याच्या उजव्या अंगाला चूल, डाव्या अंगाला सिंक. सिंक स्टीलचं, पातळ पत्र्याचं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं. त्याच्या तळाला एक पोचा होता. लेक चार वर्षांची असताना तिनं त्यात बत्ता टाकला होता, त्याची ती आठवण. त्या सिंकमध्ये चमचा पडला तरी अंगणात ऐकू जायचं. तीन वर्षांपूर्वी काकांनी कारखान्यातून जाड रबराची पट्टी आणून सिंकच्या खालून चिकटवली होती. दोन दिवस कसं शांत वाटलं. दोन महिन्यांत आवाज पुन्हा होता तसा. काकांनी डिंक विकणाऱ्याला चार शब्द सुनावले आणि विषय सोडून दिला.

त्याच सुमाराला काकूंचे डोळे अधू होऊ लागले होते. कडेचं दिसायचं, मधलं पुसट. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. काकूंनी ऐकून घेतलं, घरी आल्या आणि भाताला आधण ठेवलं. स्वतःच्या ओट्यावर त्यांचा हात कधी चुकला नाही. मीठ कुठं, साखर कुठं, सुरीची मूठ कुठल्या बाजूला, सगळं हाताला पाठ. पाहणाऱ्याला वाटे, बाईला चांगलं दिसतंय. काकांनाही तसंच वाटे, आणि काकू त्यांना तसंच वाटू देत.

घराबाहेर मात्र गोष्ट निराळी होती. लेकीचं घर तीन दिवसांच्या वाटेवर. मागच्या खेपेला काकू तिथं गेल्या, आणि आठवड्यात चार कप फोडून बसल्या. लेक रागावली नाही, तेच वाईट झालं. तिनं आईच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू बस गं. मी करते ना." पुढचे सगळे दिवस काकू खुर्चीवर बसून होत्या. परत आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली, आपल्या ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता मी कुठं जायची नाही."

आणि नेमके त्याच वर्षी लेकीला दिवस गेले.

फोनवर लेक म्हणाली, "आई, येशील ना गं?" काकूंनी फोन काकांच्या हातात दिला. रात्रीच्या जेवणाला मग आपणहून बोलल्या.

"बाळंतपणाला जायचं ते कामाला. खुर्चीवर बसायला नाही. तिच्या घरात माझा हात चालत नाही. मी तिथं जाऊन तिचं एक काम वाढवायचं, ते कशाला?"

"मग लेकीला काय सांगू?"

"सांगा, आईचा ओटा इथं आहे."

काका पानावरून उठले नाहीत. बोटानं ताटाची कड वाजवत बसले. मग म्हणाले, "ओटाच तिकडं नेला तर?"

"डोक्यावरून नेणार आहात का?"

"चाकांवरून."

काकूंना वाटलं, थट्टा करतायत. पण आठवड्याभरात डेपोनं मोडीत काढलेली एक छोटी बस दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या सुतारानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मिशीतल्या मिशीत हसला. हा सुतार काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, जिभेनं मात्र बरोबरीचा.

"काका, घर लहान पडलं का म्हातारपणी?"

"घरगाडी करायचीय. आत पलंग, पाण्याची टाकी, आणि हिचा ओटा. ओटा जसाच्या तसा. अर्ध्या बोटाचाही फरक मला नको."

"आणि फरक पडला तर?"

"तर तुझ्या रंध्यानं तुझीच मिशी काढीन."

दोघांनी टेप घेऊन काकूंचं स्वयंपाकघर मोजलं. ओट्याची उंची, चुलीपासून सिंकपर्यंतचं अंतर, मिठाच्या बरणीची फळी, फडकं अडकवायचा खिळा. काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. "माझंही माप घ्या की," म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन केला आणि सांगितलं, "तुझ्या बाबांना वेड लागलंय. त्यांचं वेड पुरं झालं, की येते."

दीड महिना ठोकाठोक चालली. काकांनी गाडीचा एकेक पत्रा उतरवून पुन्हा बसवला. प्रत्येक जोडाखाली रबर, प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून मऊ कापड, भांड्यांच्या फळीला खाचा. फुटक्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणली, तर आत हूं की चूं नाही. आता सिंक तेवढं राहिलं होतं.

सिंक घेण्यासाठी काका आणि सुतार शहरातल्या एका दुकानात गेले. भिंतीवर ओळीनं सिंकं टांगलेली. काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बोटाचं पेर वाकवून टकटक करायचे आणि कान लावायचे. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"काका, कलिंगड घेताय का?"

"कलिंगड परवडलं. ते पिकलं नाही तरी खडखडत नाही."

चिनी मातीचं सिंक पांढरंशुभ्र होतं, पण काकांनी मान हलवली. वळणावर गाडीचा सांगाडा पिळवटतो, हे सगळं आयुष्य त्याच सांगाड्याखाली झोपून काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पहिल्याच घाटात त्याला तडा गेला असता. अख्ख्या दगडाचं सिंक दोघांना मिळून उचलेना. एवढं वजन मागच्या चाकांच्याही मागं टाकलं, की गाडीचं तोंड वर होतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तांब्याचं एक होतं, मावळतीचा रंग ल्यायलेलं. काका त्याच्यापुढं जरा रेंगाळले. मग म्हणाले, "आंबट लागलं की डागाळणार. रोज घासावं लागेल. भांडी घासायच्या जागेलाच घासत बसायचं, हे काय तिला बक्षीस?"

"मग स्टील घ्या," दुकानदार म्हणाला. "हलकं, टिकाऊ. गाड्यांमध्ये सगळे तेच बसवतात."

काकांनी स्टीलवर टकटक केलं. ठण्ण! चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागं घेतला.

"खालून रबर लावून देतो ना."

"रबर सुटतं. घरी करून बघितलंय मी."

मग दुकानदारानं आतून एक काळं सिंक आणलं. दगडाची बारीक भुकटी आणि कसलासा चिकट रस एकत्र करून साच्यात ओतलेलं. वजनाला बेताचं, हाताला गुळगुळीत. काकांनी टकटक केलं. पुन्हा केलं. खिशातली किल्ली काढून आत टाकली. किल्ली उशीवर पडावी तशी पडली. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की सुतारानं थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"अडतीस वर्षं लोकांच्या गाड्या गप्प केल्या," परतीच्या वाटेवर काका म्हणाले. "तिचं स्वयंपाकघर मात्र तसंच बोंबलत राहिलं. आता तिला जरा शांतता देतो."

सिंक बसलं. काकांनी काकूंचा हात धरून त्यांना गाडीत चढवलं. काकूंनी ओटा चाचपला. मीठ मिठाच्या जागी, खिळा खिळ्याच्या जागी. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, हे तर माझंच आहे."

"भांडी घासून बघ. मी बाहेर बसतो. परीक्षकापुढं हात थरथरतो."

काका आणि सुतार बाहेर दगडावर बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. काका त्या न ऐकू येण्याकडं कान लावून, डोळे मिटून, तृप्त बसले होते.

आत काकूंनी नळ सोडला होता. पाणी कुठं पडतंय ते कळेना. वाळूत पडावं तसं ते मुकाट्यानं पडत होतं. सिंक काळं, त्यात उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. खाली पाहिलं की नुसती विहीर. किती भरलं याचा अंदाज येईतो पाणी काठावरून त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी नळ बंद केला, फडक्यानं जमीन टिपली आणि पुन्हा सुरुवात केली. पेला तळाशी आडवा झाला, तो त्यांना कळलाच नाही. त्याच्यावर पातेलं टेकवलं. पेला फुटला तोही दबक्या आवाजात, जणू चोरून.

थोड्या वेळानं त्या खाली उतरल्या. एक बोट ओल्या फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"कसं आहे?" काकांनी विचारलं.

"छान आहे. अगदी शांत."

काकांनी सुताराकडं बघितलं. पण काकू दोन पावलं गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या हो. मी नाही येत."

"अगं, पण का?"

"नाही म्हटलं ना. लेकीला सांगा, पाय दुखतात."

आणि घरात गेल्या.

काकांनी चार दिवस गाडीत चूक शोधली. ओट्याची उंची पुन्हा मोजली. पलंग कठीण आहे का? दार अरुंद आहे का? काकूंना विचारलं, तर त्या म्हणायच्या, "गाडी चांगलीय. मीच नको." फुटलेल्या पेल्याचे तुकडे कागदात गुंडाळून त्यांनी कधीच टाकून दिले होते. लेकीचे दिवस भरत आले होते. तिचा फोन वाजला, की काकू अंगणात निघून जायच्या.

पाचव्या दिवशी सुतार आला. काका गाडीच्या पायरीवर बसले होते, मूठ मिटून. एकही बोट उघडलेलं नव्हतं.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्हाला गाडीतला दोष सापडायचा तो गाडी चालताना. उभ्या गाडीला तुम्ही कधी विचारलंत का, तुला काय होतंय?"

"ती चालवून बघितली की."

"गाडी नाही हो. काकू. त्यांचं काम चालू असताना कधी शेवटच्या सीटवर बसलात का?"

 त्या दुपारी जेवणं झाल्यावर काका नेहमीसारखे ओसरीवर गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. हात मांडीवर, पाठ ताठ, मान डावीकडे. डोळे मिटले.

"इथं काय करताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तुझं चालू दे."

काकूंनी नळ सोडला.

पाणी कोरड्या पत्र्यावर पडलं, खणखण. काका सवयीनं कपाळाला आठी घालणार होते, पण थांबले. खणखण हळूहळू घोगरी झाली. चार बोटं पाणी साठलं असावं. मग नुसती गुळगुळ, अर्धं भरलं. नळ तिथंच बंद झाला, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. चमचे आत गेले, टिण, टिण, टिण, टिण, आणि काकूंनी बरोबर चार चमचे बाहेर काढले. पेला त्यांनी सोडला नाही. बुडाशी अलगद टेकवला, किण्ण झालं, मग त्याच्यापासून वीतभर लांब पातेलं ठेवलं, ढप्प. तळाच्या पोच्यावर वाटी गेली की ती डुगडुगून वेगळीच बोलायची. तेवढ्यावरून काकूंना मधोमध कुठं ते कळत होतं. घासलेलं ताट अंगठ्याखाली करकरलं, तेव्हाच ते बाजूला झालं. एक ताट करकरलं नाही. ते पुन्हा साबणाखाली गेलं.

इतकी वर्षं काका ज्याला खडखड म्हणत आले होते, त्यात एकही आवाज वाया जात नव्हता.

काकांनी डोळे उघडले. काकू सिंककडं बघतच नव्हत्या. तोंड खिडकीकडं होतं आणि मान जराशी डावीकडं कललेली. अगदी त्यांच्यासारखी.

भांडी संपली. काकू हात पुसून आत जाऊन पडल्या. काकांनी टॉर्च घेतला, गुडघे मोडून ओट्याखाली शिरले आणि पाठीवर झोपले, जसे गाड्यांखाली झोपायचे तसे. सिंकच्या खालच्या अंगाला उजेड पाडला. तीन वर्षांपूर्वी लावलेली रबराची पट्टी सुटून पडली नव्हती. ती खरवडून काढलेली होती. पत्र्यावर सुरीचे ओरखडे होते, आडवे, उभे, एकावर एक. नीट न दिसणाऱ्यानं चाचपडत चाचपडत केलेलं काम. कोपऱ्यात रबराचा एक नखाएवढा तुकडा राहून गेला होता.

म्हणजे ती इथं अशीच पाठीवर झोपली असणार. किती दुपारी? आणि आपण डिंकवाल्याशी भांडत होतो.

 तो नखाएवढा तुकडा काकांनी बोटाच्या नखानं काढून टाकला, आणि पाना घेऊन सिंकचे स्क्रू सोडायला लागले.

आवाजानं काकू दारात आल्या. "अहो! काय चाललंय? माझं सिंक का काढताय?"

"गाडीत बसवायला."

 काकू हळूच म्हणाल्या, "ते वाजतं हो. तुमच्या गाडीला शोभणार नाही."

"मला कळत नव्हतं, तर सांगायचंस तरी."

"तुम्ही एवढ्या हौसेनं शांत केलेलं." त्यांनी दाराची चौकट धरली. "आणि सांगितलं असतं, की फक्त ऐकू येतंय म्हणून चाललंय, तर तुम्हीही म्हणाला असता, तू बस."

ओट्याखालून काका म्हणाले, "नसतो म्हणालो." मग जरा थांबून, खऱ्याला धरून म्हणाले, "कदाचित म्हणालो असतो. आता नाही म्हणणार. तो बारका पाना दे बरं, डाव्या हाताला आहे."

काकूंनी पान्यांच्या ट्रेमध्ये बोटं फिरवली, पाने एकमेकांवर वाजले, आणि बारका तेवढा उचलून त्यांनी काकांच्या हातात दिला.

काळ्या सिंकसाठी कापलेलं भोक जुन्या सिंकला दोन बोटं मोठं पडलं. सुतारानं भोवती सागाची पट्टी बसवली, कडेला गोलाई दिली. काकूंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे घरच्यापेक्षा बरं झालं. कड हाताला लागते." सुतारानं काकांकडं बघत मिशीवर ताव दिला. घरच्या ओट्याला पडलेल्या भगदाडात काळं सिंक नुसतंच ठेवलं गेलं. परत आल्यावर त्यात कोथिंबीर लावू, असं काकू म्हणाल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. लेकीच्या बाळाची दुपटी पलंगावर, काकू पुढं काकांच्या शेजारी. सुतार रस्त्यापर्यंत चालत आला. पहिल्याच खड्ड्यात मागून सिंक खणाणलं.

"काका," सुतार ओरडला, "तुमची गाडी बोलतेय!"

"बोलू दे," काका खिडकीतून ओरडले. "घरातलं माणूस आहे ते."

पुलापर्यंत काकांची बोटं स्टिअरिंगवर आपोआप उघडत होती, आणि काका ती पुन्हा मिटत होते. पूल ओलांडून गाडी चढाला लागली, तेव्हा काकूंनी मान डावीकडं कलती केली.

"जरा थांबवा."

"का गं? काय झालं?"

"नळ ठिबकतोय."

काकांनी कान दिला. त्यांना सिंकची खडखड तेवढी ऐकू आली. पण त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. आणि मग मागून, स्टीलच्या तळावर, टिण. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा, टिण.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"पुलाच्या अलीकडनं."

काका तिच्याकडं बघत राहिले.

"बघताय काय? टाकी रिकामी होईल. आणि उठताच आहात, तर उजव्या कपाटात चमच्यांचा डबा उलटा ठेवलाय तुम्ही, तोही नीट करा. लेक वाट बघतेय."

खडखडकाका उठले आणि मागं गेले.